मागच्या पिंजऱ्यातलं मांजर: फॉस्टरिंग ते दत्तक, नवख्यांसाठी

शेल्टरमध्ये, म्हणजे बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यात, शिरलात की पहिली गर्दी दिसेल ती पिल्लांच्या पिंजऱ्यापाशी. दोन-अडीच महिन्यांची ती कार्टी जाळीतून पंजे काढून येणाऱ्या-जाणाऱ्याची ओढणी ओढत असतात. त्यांना घरं मिळतात. तुम्ही तिथे रेंगाळू नका, सरळ मागे जा. शेवटच्या भिंतीलगत कुणीतरी जगाकडे पाठ करून बसलेलं असेल.

ठमी तिथेच भेटली. पिंजऱ्यावरची पाटी अशी: 'मादी, अंदाजे ६ वर्षं. डावा डोळा नाही. घाबरट. हात लावू नये.' चौदा महिने ती त्या पाटीमागे बसून होती. आलेले लोक पाटी वाचायचे आणि पिल्लांकडे वळायचे. त्यांचं तरी काय चुकलं? पाटीवरचं वर्णन खरं तर पिंजऱ्याचं होतं, पण कळणार कसं? शेजारी कुत्री भुंकताहेत, सकाळ-संध्याकाळ फरशीवर पाण्याचा पाइप सुटतोय, अशा ठिकाणी मांजर स्वभाव दाखवत नाही, फक्त दिवस काढतं. मांजर मुळात कसं आहे हे शोधून काढायचं आणि लोकांना खरं सांगायचं, एवढंच फॉस्टरचं, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत मांजराला आपल्या घरी सांभाळणाऱ्याचं, काम. बाकी सगळं त्यासाठीची तयारी.

मागे कोण राहतं

मोठी मांजरं, म्हणजे वर्ष-दीड वर्षाच्या पुढची. काळी मांजरं, 'मांजर आडवं गेलं' म्हणून रिक्षा थांबवणारे लोक आजही आहेत, आणि शिवाय काळ्या मांजराचा मोबाइलवर फोटो नीट येत नाही. तीन पायांची, एका डोळ्याची. पांढरीशुभ्र, निळ्या डोळ्यांची, पण बहिरी. एकमेकांशिवाय न जेवणारी जोडी. घरमालकीण वारली किंवा घरात बाळ आलं म्हणून वयाच्या आठव्या वर्षी शेल्टरला आणून सोडलेली; यांना रस्ता माहीत नसतो आणि पिंजराही. एफआयव्हीची, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या विषाणूची, चाचणी पॉझिटिव्ह आलेले बोकेही मागे राहतात. या विषाणूचं नाव ऐकूनच लोक दचकतात, पण तो माणसाला होत नाही, मांजरामांजरांतही मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो, आणि असे बोके नीट सांभाळले तर अनेक वर्षं मजेत जगतात. एफईएलव्हीचं, म्हणजे मांजरांच्या ल्युकेमियाच्या विषाणूचं, मात्र वेगळं. तो चाटण्यातून, एका ताटलीत खाण्यातूनही पसरतो, म्हणून अशा मांजराला दुसरं मांजर नसलेलं घरच हवं.

उन्हाळा लागला की पिल्लांचा सुकाळ होतो आणि यांचा नंबर आणखी मागे जातो. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते, त्यामुळे पिल्लं कधी कमी पडत नाहीत. पहिल्यांदाच फॉस्टर करणार असाल तर मोठं मांजरच घ्या. दर दोन-तीन तासांनी दूध पाजायची पिल्लं हे नवख्याचं काम नव्हे, ती पटकन दगावतात.

एक लक्षात ठेवा, प्रत्येक मांजराला घर हवं असतंच असं नाही. गल्लीत जन्मलेलं, माणसाला कधीच न शिवलेलं मोठं मांजर खोलीत कोंडणं म्हणजे त्याला शिक्षाच. त्याची नसबंदी करायची, लस द्यायची आणि त्याच्या गल्लीत परत सोडायचं. कानाचं टोक कापलेलं दिसलं तर ते काम आधीच झालेलं आहे असं समजा.

पायरी १: आधी माणसांशी बोला

घरातल्या सगळ्यांशी, आणि 'हो' म्हणतील त्यांच्याशी जरा जास्त. नुसतं 'हो' पुरत नाही, मांजराच्या शी-शूचा ट्रे कोण साफ करणार हे ठरायला हवं. दुसरी गोष्ट स्वयंपाकघराची. मांजर शुद्ध मांसाहारी प्राणी आहे. दूध-पोळीवर ते जगत नाही. गाईच्या दुधानं मोठ्या मांजरांना बऱ्याचदा जुलाबच होतात. कुत्र्याचं खाणंही चालत नाही, कारण मांजराला लागणारं टॉरिन हे पोषक द्रव्य त्यात पुरेसं असेलच असं नाही, आणि ते सतत कमी पडलं की डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. ज्या घरात अंडंसुद्धा येत नाही तिथे पाकिटातलं मांजराचं खाणं चालेल का, हे मांजर यायच्या आधी विचारा. आल्यावर विचाराल तर उत्तर आजीच्या चेहऱ्यावर दिसेल.

भाड्याच्या घरात असाल तर मालकाला सांगा. सोसायटीला ठराव करून पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय पशू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तो कागद जवळ असू द्या, पण पहिल्याच दिवशी तोंडावर फेकू नका. जिन्यात रोज भेटणाऱ्या काकांशी वाकडं घेऊन फॉस्टरिंग होत नाही. पुण्यात महापालिकेनं २०२२ च्या अखेरीस मांजरांच्याही नोंदणीचा नियम आणला आहे, तेव्हा दत्तक घेणाऱ्यालाही ते सांगून ठेवा.

पायरी २: शेल्टरला विचारा, आणि लिहून घ्या

पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टसारख्या संस्था आहेत. मुंबईत परळचं 'बैलघोडा' सगळ्यांना ठाऊक असतं; कागदोपत्री ते बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल, १८८३ पासूनचं. याशिवाय गावोगावी दोन खोल्यांत वीस मांजरं सांभाळणाऱ्या बायका असतात, ज्यांच्या दारावर पाटी नसते. कुठूनही मांजर घ्या, प्रश्न तेच:

औषधपाण्याचा खर्च कुणाचा? रात्री अकराला मांजर आजारी पडलं तर फोन कुणाला? चाचण्या, लसी, जंताचं औषध, नसबंदी यातलं काय झालंय आणि त्याचे कागद कुठे आहेत? मुदत किती? आणि मला जमलं नाही तर मांजर परत घेणार ना? शेवटच्या प्रश्नाची लाज वाटू देऊ नका. 'परत आणू नका' म्हणणाऱ्याकडून फॉस्टरला मांजर घेऊ नये.

पायरी ३: एक खोली

अख्खं घर नको, एकच खोली. बेडरूम चालेल, कोरडी जास्तीची बाथरूमही चालेल. खिडक्यांना जाळी हवी, आणि ती तारेची. मच्छरजाळी मांजर एका रात्रीत फाडतं, कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी दातांनी कुरतडतं. चौथ्या मजल्यावरून पडलेलं मांजर 'चार पायांवर उतरतं' हे खरं, पण जबडा आणि छाती फोडून घेतं.

फरशी पुसायला फिनाईल वापरू नका. ते मांजराच्या पंजांना लागतं, पंजे चाटले की पोटात जातं, आणि फिनॉलजातीची द्रव्यं मांजराच्या यकृताला निचरता येत नाहीत. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या काढा. लिलीची फुलं आणि फुलदाणीतलं पाणीसुद्धा घराबाहेर; लिलीच्या परागकणांनीही मांजराची किडनी जाते.

खोलीत एका कोपऱ्यात ट्रे, त्याच्या अगदी समोरच्या कोपऱ्यात खाणं-पाणी. आपणही संडासात जेवत नाही. ट्रेमध्ये घालायचं लिटर महाग पडत असेल तर बारीक वाळूही चालते.

आणि एक पुठ्ठ्याचं खोकं, पंख्याचं किंवा मिक्सरचं. उट्रेख्त विद्यापीठातल्या संशोधकांनी एका डच शेल्टरमध्ये नव्यानं आलेल्या १९ मांजरांवर प्रयोग केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना लपायला खोकं दिलं, काहींना नाही. खोकंवाल्यांचा ताण लवकर उतरला. मांजर लपलं की आपल्याला वाटतं आपण नापास झालो, पण लपायला मिळालं म्हणूनच ते पुढे बाहेर येतं. पलंगाखालची जागा बंद करून टाका आणि खोकं द्या, म्हणजे लपेल ते निदान तुमच्या हाताशी. ठमीच्या वेळी मी हे विसरले आणि पुढचे अडीच आठवडे पलंगाखाली बॅटरी मारत बसले.

पायरी ४: पहिले चौदा दिवस

घरात दुसरं मांजर असेल तर चौदा दिवस दोघांची तोंडं एकमेकांना दिसता कामा नयेत. वेगळी भांडी, वेगळा ट्रे, त्या खोलीतून आलं की हात धुवायचे आणि कपडे बदलायचे. मांजरांच्या पॅनल्यूकोपेनिया या जीवघेण्या रोगाचा विषाणू फरशीवर, पायपुसण्यावर वर्षभरही टिकतो. साबणानं तो मरत नाही, पातळ केलेल्या ब्लीचनं मरतो. म्हणजे बत्तीस भाग पाण्याला एक भाग, दहा मिनिटं राहू द्यायचं आणि मग साध्या पाण्यानं पुसून काढायचं. घरच्या मांजराच्या लसी पूर्ण नसतील तर फॉस्टर पुढच्या महिन्यावर ढकला.

मी एकदा दहाव्या दिवशीच दार उघडलं. छान खात होतं, खेळत होतं, म्हटलं कशाला उगाच. त्या बोक्याच्या कानामागे चवलीएवढा केस गेलेला गोल होता, तो मी खरचटलं असेल म्हणून सोडून दिला होता. गजकर्ण निघालं. माझ्या मांजराला झालं, मला मानेवर झालं, आईला दंडावर झालं. दीड महिना घरात मलमाचा वास. चार दिवस वाचवले होते.

या काळात खरं काम दोनच गोष्टींवर लक्ष ठेवायचं: पोटात काय जातंय आणि बाहेर काय पडतंय. नव्या जागी पहिल्या दिवशी मांजर खात नाही, ते चालतं. पण २४ तास पूर्ण उपास झाला तर डॉक्टरला फोन करा. दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि मग जिवावर बेततं, जाड मांजरांचं तर फारच. सुकं खाणं नको म्हणत असेल तर बिनमिठाचं, बिनकांदालसणाचं उकडलेलं चिकन कोमट करून द्या. वास सुटला की भूक लागते. बोका ट्रेमध्ये वारंवार बसतोय, कण्हतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. मूत्रमार्ग अडकलाय आणि बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

घरातलं कुठलंही औषध नाही. क्रोसिनची एक गोळी मांजराला मारते. कुत्र्याच्या पिसवांवरचे मानेवर टाकायचे थेंबही नाहीत. त्यांतल्या अनेकांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विष आहे. मांजरानं तुम्हाला चावा घेतला किंवा ओरखडलं तर हळद-चुना लावत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

पायरी ५: ओळख

ओळख करून घ्यायला जायचं नाही, तिथे नुसतं असायचं. रोज त्या खोलीत जमिनीवर बसून स्वतःचं काहीतरी काम करा. मोठ्यानं वाचा, बिलं लावा, भाजी निवडा. मांजराकडे टक लावून बघू नका, मांजरांच्या भाषेत ती धमकी असते. नजरेला नजर झालीच तर डोळे सावकाश मिटा आणि सावकाश उघडा. बरीच मांजरं तसंच उत्तर देतात. 'मांजर डोळे मिटून दूध पितं' ही म्हण आपण लबाडीसाठी वापरतो, पण ज्याच्यासमोर मांजर डोळे मिटतं तो त्याला सुरक्षित वाटलेला असतो.

ठमीचा सतरावा दिवस. जानेवारी होता, मी खोलीत परात घेऊन मटार सोलत बसले होते. एक दाणा उडाला, फरशीवर टप्पा खाऊन पलंगाकडे घरंगळला आणि आत गेला. क्षणभरानं तो तसाच घरंगळत बाहेर आला. मी परत टाकला. परत आला. तिसऱ्या वेळी दाण्यामागोमाग एक करडा पंजा आला, मग मिशा, मग तो एक डोळा. अर्धा किलो मटारांतले निम्मे त्या दिवशी कपाटाखाली गेले. चौदा महिने 'घाबरट' असलेल्या बाईला गोलकीपिंग येत होतं, आणि डाव्या बाजूनं येणारा दाणा ती आवाजावरून अडवत होती.

एक साधी वही ठेवा आणि रोज दोन ओळी लिहा. कुकरच्या शिट्टीला पळतं का? दारावरची बेल वाजली की? पुरुषाचा आवाज, लहान मुलं, दुसरं मांजर? कुठे हात लावलेला आवडतो, कुठे नाही? रात्री कधी ओरडतं? ही वही म्हणजेच पुढची जाहिरात, आणि नवं घर निवडायची चाळणीसुद्धा.

नसबंदी झालेली नसेल तर याच काळात करून घ्या. 'नंतर आम्ही करू' या वचनावर मांजर देऊ नये. लोक लबाड नसतात, पण नंतर म्हणजे पिल्लं झाल्यावर.

पायरी ६: जाहिरात

फोटो खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, जमिनीवर आडवं होऊन मांजराच्या उंचीवरून काढा. काळ्या मांजराला फिकट चादरीवर बसवा, फ्लॅश बंद ठेवा, आणि स्क्रीनवर मांजरावरच बोट ठेवून उजेड वाढवा, म्हणजे डोळे दिसतील. गेलेला डोळा, तुटका पाय लपवू नका. एक फोटो सरळ समोरून टाका. जो तो पाहून फोन करेल तोच कामाचा. वीस सेकंदांचा व्हिडिओ दहा फोटोंना भारी पडतो.

मजकुरात दयेची भीक नको. 'कुणी घेत नाही हो हिला, आज नेलं नाही तर काय होईल' असं लिहिलं की हळहळणारे दोनशे लोक खाली रडके चेहरे टाकतात आणि घर एकही मिळत नाही. दयेपोटी नेलेलं मांजर दया ओसरली की परतही येतं. ठमीसाठी मी लिहिलं ते असं:

'ठमी, साधारण सहा वर्षांची, नसबंदी आणि लसी झालेल्या. डावा डोळा जुन्या जखमेत गेला, त्याला आता औषध लागत नाही. मटार, बाटलीचं झाकण, काहीही घरंगळणारं अडवते. मांडीवर बसत नाही, शेजारी बसते. पाठ खाजवून घेते, पोटाला हात लावला तर मारते. कुकरला घाबरत नाही, मिक्सरला घाबरते. लहान मुलं नसलेलं शांत घर हवं. पहिले दोन आठवडे ती तुम्हाला दिसणार नाही, याची तयारी हवी.'

'मारते' हे वाचून माझ्या मैत्रिणीनं कपाळाला हात लावला. पण त्याच ओळीनं सहा फोन कमी झाले आणि एक बरोबर आला.

पायरी ७: घर निवडणं

फोनवर आधी त्यांना बोलू द्या. पूर्वी मांजर होतं का, आणि त्याचं काय झालं? या एका प्रश्नात निम्मं कळतं. 'खिडकीतून गेलं, मग दुसरं आणलं, तेही गेलं' असं निर्विकारपणे सांगणाऱ्याला मांजर देऊ नका. गावी जाताना कोण बघणार, जाळी आहे का, घरातले सगळे तयार आहेत का, हे विचारा. मग प्रत्यक्ष घर बघा; लांब असेल तर व्हिडिओ कॉलवर खिडक्या आणि बाल्कनी दाखवायला सांगा. 'जाळी पुढच्या आठवड्यात बसवतो' असं म्हणाले तर मांजरही पुढच्या आठवड्यात.

घरात कुणी गरोदर असेल किंवा होणार असेल तर टॉक्सोप्लाझ्माचा, म्हणजे मांजराच्या शीतून पसरू शकणाऱ्या आणि गर्भाला धोका असलेल्या परजीवीचा, विषय तुम्हीच काढा, कारण नंतर सासरचं कुणीतरी काढणारच आणि मांजर बाहेर जाणार. त्यात सांगण्यासारखं एवढंच: हा परजीवी कच्चं-अर्धकच्चं मांस, न धुतलेली भाजी, बागेतली माती यांतूनही येतो. मांजराच्या शीतून बाहेर पडल्यावर तो संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो. तेव्हा ट्रे रोज साफ करायचा, तो घरातल्या दुसऱ्या कुणी करायचा, आणि शंका असेल तर डॉक्टरांना विचारायचं. मांजर काढून टाकायची गरज नसते.

'वाढदिवसाला सरप्राइज द्यायचंय' म्हणणाऱ्यांना नाही म्हणा. दिवाळीच्या आठवड्यात कुणालाच देऊ नका. नव्या घरात पहिल्याच रात्री फटाके वाजले की मांजर उघड्या दारातून सुटतं आणि सापडत नाही.

करारनामा एका पानाचा पुरतो. त्यात हवं एवढंच: मांजर घरातच राहील, दुसऱ्याला परस्पर दिलं जाणार नाही, जमलं नाही तर आमच्याकडे परत येईल. पाळलेला प्राणी उपाशीतापाशी मरायला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे त्या पानावर एका ओळीत लिहा.

पायरी ८: सोडून येणं

मांजर कॅरियरमधूनच न्या, कडेवर नाही, भाजीच्या पिशवीत तर नाहीच. सोबत त्याच्या वासाची न धुतलेली चादर, ट्रेमधलं मूठभर वापरलेलं लिटर आणि आठवड्याचं तेच खाणं द्या. वहीची प्रत द्या. नव्या घरीही एकच खोली आणि तेच खोकं. शेल्टरवाले तीनाचा हिशेब सांगतात: तीन दिवस भेदरलेलं, तीन आठवड्यांत घरची वेळापत्रकं कळतात, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. ठोकळ हिशेब आहे, मोठ्या मांजरांना थोडं जास्तच लागतं. तिसऱ्या दिवशी 'हिला आम्ही आवडत नाही' असा फोन येतोच. तेव्हा मांजराबद्दल कमी आणि माणसांशी जास्त बोलावं लागतं.

तुम्हाला रडू येईल, ते येऊ द्या. ठेवून घ्यावंसं वाटलं आणि खरंच जमणार असेल तर ठेवा, त्यात कसला गुन्हा नाही. फक्त तुमची ती एक खोली मग पुढच्या मांजरासाठी मोकळी राहत नाही. मी एक ठेवून घेतलंय, तेच गजकर्णवालं. दुसरं ठेवणार नाही असं घरात कबूल केलंय.

ठमी ठाण्याला एका निवृत्त जोडप्याकडे गेली. अकराव्या दिवशी काकांचा मेसेज आला, 'काल रात्री हॉलमध्ये आली, टीव्हीच्या खाली बसली, आम्ही श्वास घेतला नाही.' मग महिनाभर शांतता. एप्रिलमध्ये काकूंचा फोन, आवाजात काळजी. मला धस्स झालं. म्हणाल्या, "अगं, बाजारातले मटार संपले. फ्रीजमधले गार लागतात म्हणून ती नुसती बघते. आता काय टाकू?"

बाटलीचं झाकण टाका म्हटलं. आणि आधी कपाट सरकवून खालचे काढा, हंगामभराचे असतील.